दहावं पत्र येईपर्यंत

एका जंगलात डाकखातं होतं. हसू नका मुलांनो. तुमच्याकडे असतं, ते जंगलात का नसावं?

जंगलाच्या मधोमध एक जुनं उंबराचं झाड होतं. त्याचा गाभा पोकळ होता. डोंगरावरची पत्रं, नदीकाठची पत्रं, सगळी आधी त्या गाभ्यात यायची. तिथे बसलेल्या खारी पानावरचा पत्ता वाचायच्या आणि धूम ठोकायच्या. पत्र आलं की खार निघाली. इतका साधा कारभार होता. अर्थातच तो कुणाच्या तरी डोळ्यांत सलणार होता.

तो शीघ्रबुद्धी कोल्ह्याच्या डोळ्यांत सलला. हा राजाचा नवा सुधारणा-प्रधान.

"महाराज," तो सिंहाला म्हणाला, "एकेका पत्रासाठी एकेक फेरी? शोभतं का हे? दहा पत्रं जमू द्यावीत. मग एकच खार, एकच फेरी. खारींचे पाय वाचतील."

सिंहाला पळापळ मुळातच पटत नसे. तो म्हणाला, "छान. पण मोजून दाखव."

मोजायचं काम साळूबाईचं. साळूबाई म्हणजे साळिंदर. पाठीवरचा एक काटा उपसायचा आणि पानावर रेघ ओढायची, ही तिची पद्धत. तिची लेक दोन पिल्लांना घेऊन खालच्या गवताळ माळावर बिळात राहायची. उन्हाळ्यात त्या माळाला वणव्याची धास्ती असे. डोंगरावरच्या वानरांना धूर दिसला की ते पत्र धाडत आणि सगळे माळ सोडत. त्यामुळे पत्राला किती वेळ लागतो, हे साळूबाई जीव लावून मोजी.

ती म्हणाली, "प्रधानजी, मी आठवडाभर मोजते. गर्दीच्या दिवशी मोजते, सुस्त दिवशीही मोजते. गर्दीत दहा पत्रं पटापट जमतील. पण सुस्त दिवशी एकटं आलेलं पत्र नुसतं बसून राहील, त्याचं काय?"

"आठवडा? बाई, तोवर सुधारणा शिळी होईल!" असं म्हणून कोल्हा स्वतःच मोजायला बसला.

त्याने दहा पत्रं लिहिली. सगळी स्वतःलाच. उजव्या पंजाने टाकली, डाव्या पंजाने घेतली. डोळ्याचं पातं लवायच्या आत दहाही पोचली. दरबारात टाळ्या पडल्या. तो बोलला इतका छान, की तुम्हीसुद्धा टाळी वाजवली असती.

नवा नियम लागू झाला.

वैशाखातली एक टळटळीत दुपार. सगळं जंगल सावलीला पडलेलं. सकाळपासून गाभ्यात जेमतेम आठ पत्रं जमली होती. एक वानर धापा टाकत आलं आणि नववं टाकून परत पळालं. साळूबाईने ते वाचलं. 'वणवा पेटलाय. माळ सोडा.'

तिचे सगळे काटे उभे राहिले.

"अगं, पळ!" ती खारीला म्हणाली.

"नऊच आहेत, मावशी."

"माळाला आग लागलीय गं बाई! हे एकच ने."

"सुटं नेलं की आमची सरासरी घसरते. मागच्या आठवड्यात एकीचे दाणे बंद केले." खार रडकुंडीला आली होती. वाईट नव्हती बिचारी.

साळूबाई स्वतः पळाली असती, पण साळिंदराची धाव ती केवढी! तिने काटा उपसला. एका पानावर तिने लिहिलं, 'कशी आहेस बाळ? – आई', आणि ते गाभ्यात टाकलं.

"दहा!" खार ओरडली आणि गठ्ठा उचलून सुसाट सुटली.

लेक वाचली. पिल्लंही वाचली, धाकट्याचे काटे तेवढे होरपळले. माळ मात्र जळून काळा झाला. तिथले सगळे नदीपलीकडे राहायला गेले.

महिन्याने दरबारात आकडे मांडले गेले.

"महाराज, फेऱ्या दहापट कमी," कोल्हा म्हणाला. "आणि पत्र उशिरा मिळालं, अशी माळावरून एकही तक्रार नाही."

"तक्रार करायला तिथे राहिलंय कोण?" साळूबाई कडाडली. "वणव्याच्या दिवसाचं पान काढून बघा की!"

"ते मी केव्हाच वगळलं," कोल्हा मायेने म्हणाला. "त्या दिवशी बाईंनी खोटं पत्र टाकून गठ्ठा भरला. मोजमापात ढवळाढवळ झाली."

"खोटं नव्हतं ते," साळूबाई पुटपुटली.

"शिवाय आग काही रोज लागत नाही. बाकीचे एकोणतीस दिवस बघा, महाराज."

सिंहाने एकोणतीस दिवस पाहिले. खरंच सुरेख होते. कोल्ह्याला शाल मिळाली. साळूबाईची बदली वारुळातल्या मुंग्या मोजायला झाली.

तात्पर्य: मुलांनो, सुधारणा किती चांगली आहे हे नेहमी सुधारणा करणाऱ्यालाच मोजू द्यावं. वाईट दिवस मोजमापात धरू नयेत, त्यांनी चांगल्या दिवसांची बदनामी होते. आणि जिची पोरं खालच्या माळावर राहतात, तिच्या हाती मोजणी कधीही देऊ नये. ती बरोबर मोजते.