शंभर फोटोग्राफर आणि एक ग्रुप फोटो

एका जंगलात, मुलांनो, झाडं कमी आणि फोटो काढणारे जास्त झाले होते. हसू नका. तुमच्या घरातही तेच आहे.

त्या जंगलात नदीच्या वळणावर शेवंता नावाची एक साळिंदर राहायची. उंबराच्या बुंध्याशी तिचा फोटो स्टुडिओ होता. बारसं, उष्टावण, साखरपुडा, लग्न, सगळ्यांचे फोटो तीच काढायची. तिच्या फोटोत कुणाचे डोळे मिटलेले नसत. सशाचे कान वरून कापले जात नसत. हत्तीण जरा बारीक दिसायची, आणि हत्तिणीला तेवढंच हवं असायचं.

त्याच वळणावर पाटलीणबाई राहायच्या. जातीच्या सांबर, स्वभावाच्या गरीब, पण चारचौघांत काय म्हणतील याची भारी धास्ती. त्यांच्या मोगरीचं लग्न ठरलं. या मोगरीच्या बारशाचा फोटो शेवंतानेच काढला होता. पोर पहिल्यांदा चार पायांवर उभी राहिली आणि लगेच चिखलात बसली, तोही काढला होता. तिच्या लग्नाचे फोटो आपणच काढायचे, हे शेवंताने मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

एक दिवस पाटलीणबाई स्टुडिओत आल्या आणि उगाच भिंतीवरचे फोटो बघत उभ्या राहिल्या.

"शेवंते, राग मानू नकोस," त्या म्हणाल्या. "व्याही डोंगरापलीकडचे. बडी मंडळी. ते विचारतात, तुमच्या फोटोवाल्याकडे प्रमाणपत्र आहे का."

"कसलं प्रमाणपत्र?"

"मला मेलीला काय कळतंय? फोटोवाल्यांची परिषद असते म्हणे, तिथे देतात. रंगराव कोल्हा चाललाय. त्याने आधीच चौकट करून भिंतीवर लावलीय. आत घालायचं तेवढं बाकी आहे."

रंगरावाने मागच्या शिमग्याला कॅमेरा घेतला होता. त्याच्या फोटोत जंगल छान यायचं. जनावरं अर्धी यायची.

"तूही जा की," पाटलीणबाई म्हणाल्या. "प्रमाणपत्र आण, लग्नाचं काम तुझं. मोगरीने तर हट्टच धरलाय, मावशीच हवी म्हणून."

शेवंताला वाईट वाटलं. वीस वर्षांत तिला कुणी कागद मागितला नव्हता. पण रुसून बसायला सवड कुठे होती? लग्न महिन्यावर आलं होतं.

ती गेली अण्णा घुबडाकडे. अण्णा अकरा परिषदा करून आले होते. पहिल्या परिषदेनंतर त्यांनी एकही फोटो काढला नव्हता. वेळच मिळाला नाही, असं ते सांगत.

"अण्णा, मी पहिल्यांदाच चाललेय. काय काय सांभाळू?"

अण्णांनी एक डोळा उघडला. "पायात मऊ चपला घाल. परिषदेत भाषणं बसून ऐकायची असतात, पण ओळखी उभ्याने होतात."

"बरं."

"नाव लिहिलेली पानं ने. पळसाची. दिसेल त्याच्या हातात पान ठेवायचं. तो वाचत नाही, आपणही त्याचं वाचायचं नाही."

"मग द्यायचं कशाला?"

"रीत आहे. भाषण संपलं की हात वर कर. 'प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे,' अशी सुरुवात कर. पुढे काहीही बोल. आपले फोटो दहाच ने. अकरावा काढलास की समोरचा स्वतःचे दाखवायला लागतो. आणि एक वेळ भाषण चुकव, पण जेवणाची रांग चुकवू नकोस. खरी परिषद तिथे भरते."

शेवंताने सगळं पाठ केलं. साधी बाई हो. कुणी शहाण्याने सांगितलं की तिला ते खरं वाटायचं.

परिषद भरली होती घाटमाथ्यावर, एका मोठ्या गुहेत. नाव होतं अखिल अरण्य छायाचित्रकार परिषद. शंभर फोटोग्राफर जमले होते. तिथली चाल अशी, की समोर कुणी आलं की आधी त्याची लेन्स बघायची, मग गळ्यातलं नाव, आणि वेळ उरला तर तोंड. धनेश पक्ष्याची लेन्स त्याच्या चोचीपेक्षा लांब होती. त्यामुळे त्याचं तोंड कुणी पाहिलंच नाही.

शेवंता अण्णांच्या सांगण्याप्रमाणे वागत गेली. तिने पानं वाटली. एका चितळाने तिचं पान घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि खाल्लं.

"छान आहे," तो म्हणाला. "आणखी आहे का?"

मग अध्यक्षांचं भाषण झालं. अध्यक्ष म्हणजे एक दांडगा गवा. 'उजेड म्हणजे काय' या विषयावर ते अंधाऱ्या गुहेत दोन तास बोलले. भाषण संपताच शेवंताने हात वर केला.

"प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे," ती म्हणाली. पुढचं काही सुचेना. सगळे वळून बघायला लागले. घाबरून ती खरं तेच बोलून गेली. "बाहेर ऊन फार सुंदर पडलंय."

मग सगळ्यांनी ते वाक्य उतरवून घेतलं. बाहेर जाऊन मात्र कुणी बघितलं नाही.

जेवणाच्या रांगेत तिची आणखी पंचाईत झाली. अंगावर काटे. पुढचा दोन हात पुढे सरकला, मागचा चार हात मागे गेला. ओळख कुणाशी व्हायची? पण भजी गरम मिळाली, ते काही थोडं नाही.

एक गोष्ट तिला सकाळपासून खटकत होती. शंभर जण, शंभर कॅमेरे, आणि दिवसभरात एकाही कॅमेऱ्यातून फोटो निघाला नव्हता. ताटातल्या भज्यांचे निघाले तेवढेच.

दुपार कलली तेव्हा अध्यक्षांनी सगळ्यांना बाहेर माळावर बोलावलं.

"आता प्रमाणपत्रं," ते म्हणाले. "गेल्या साली निम्मे सही करून पळाले. म्हणून यंदा नियम केलाय. ज्याचा चेहरा ग्रुप फोटोत, त्यालाच प्रमाणपत्र."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग रांगा लागायला लागल्या. तुम्ही शाळेत रांग लावता ना, पाच मिनिटांत? इथे तासभर गेला. फोटोग्राफरच ते सगळे. जो तो शेजाऱ्याची हनुवटी सरळ करत होता. "तुम्ही तिरके उभे राहा." "तुमच्या डोक्यातून झाड उगवल्यासारखं दिसतंय, सरका." शेवंताला दुसऱ्या रांगेच्या टोकाला उभं केलं. तिच्या शेजारी राहायला कुणी तयार नव्हतं. पण तिथून तिचा चेहरा फोटोत येणार होता, आणि तिला तेवढंच हवं होतं.

अखेर रांगा लागल्या. सगळे हसले. हसून राहिले. जरा वेळाने गाल दुखायला लागले.

"फोटो काढतंय कोण?" पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या कासवाने विचारलं.

सगळ्यांनी समोर बघितलं. समोर मोकळा माळ होता.

"धनेशराव, तुम्ही काढा," रंगराव कोल्हा म्हणाला. "तुमची लेन्स केवढी."

"छे छे, तुमचा हात स्थिर. तुम्हीच काढा."

"अहो, मी कालचा पोर. वडीलधाऱ्यांना पाठ करून समोर जाऊन उभा राहू? शोभतं का ते?"

"अध्यक्षसाहेब काढतील."

"मी?" अध्यक्ष म्हणाले. "अध्यक्षाशिवाय परिषदेचा फोटो म्हणजे नवऱ्यामुलाशिवाय वरात. नियम मी केलाय, म्हणून मीच त्यातून बाहेर राहू काय?"

कुणीतरी टायमर लावायला सांगितलं. तो कुणाच्या कॅमेऱ्यात लावायचा यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी निघाली कासवाची.

कासवाने कॅमेरा दगडावर ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि जागेवर यायला निघालं. फोटो निघाला. फोटोत फक्त कासवाची पाठ होती.

"मी दाबतो बटण, मी पळत येईन," ससा म्हणाला.

"माझ्या कॅमेऱ्याला मी दुसऱ्याचा हात लावू देत नाही," कासव म्हणालं.

यावर कुणी त्याला बोल लावला नाही. तिथे कुणीच आपल्या कॅमेऱ्याला हात लावू देत नव्हतं. वाटेने एक रेडा चालला होता, त्याला बोलवावं असं चितळाने सुचवलं. पण रेड्याच्या खुरात स्वतःचा कॅमेरा द्यायला शंभरातला एकही पुढे येईना. रेडा आपला गवत खात निघून गेला.

एवढ्यात सूर्य डोंगराच्या खांद्यावर आला आणि माळावर सोनेरी ऊन पसरलं.

शेवंताने ते पाहिलं. गव्याच्या शिंगांवर, धनेशाच्या चोचीवर, कासवाच्या सुरकुत्यांवर तो उजेड बसला होता. असा उजेड वर्षातून एकदोनदा मिळतो.

हलायचं नाही, तिने स्वतःला बजावलं. हललीस तर प्रमाणपत्र गेलं. प्रमाणपत्र गेलं तर मोगरीचं लग्न गेलं. ती पाय रोवून उभी राहिली. तिने डोळेसुद्धा मिटून घेतले.

पण डोळे मिटून कुठे राहवतंय? उघडून बघते तर ऊन उतरणीला लागलेलं. आणखी पाच मिनिटं, फार तर सहा. आणि इकडे कासव आणि ससा अजून भांडतच होते.

काय सांगू मुलांनो, तिचे पायच निघाले. आपण काय करतोय हे तिला कळायच्या आत ती आपला कॅमेरा घेऊन समोर उभी होती.

"धनेशराव, मान खाली. साहेब, पोट आत. कासवआजोबा, भांडण नंतर. सगळ्यांनी माझ्याकडे बघा."

तिच्या आवाजात असं काही होतं की सगळ्यांनी बघितलं. खट् झालं. आणि ऊन गेलं.

सगळे कॅमेऱ्याच्या पडद्याभोवती गोळा झाले. नव्व्याण्णव चेहरे, एकाचाही डोळा मिटलेला नाही. रंगराव लबाड दिसत नव्हता. असा फोटो परिषदेच्या इतिहासात निघाला नव्हता. खरं म्हणजे कुठलाच निघाला नव्हता.

अध्यक्षांनी चेहरे मोजत मोजत प्रमाणपत्रं वाटली. शेवटी शेवंता पुढे आली.

"तुम्ही यात दिसत नाही," ते म्हणाले.

"मी काढला ना."

"ते खरं. फार छान काढलात. पण नियम नियम असतो." त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. "असं करा, पुढच्या वर्षीही या. ग्रुप फोटो तुम्हीच काढत जा. आमची कायमची सोय होईल."

शेवंता घरी आली. पाटलीणबाईंनी तिच्याकडचा तो फोटो हातात घेतला आणि एकेक चेहरा तपासला.

"हा रंगराव दिसतोय. तू गं कुठे आहेस?"

"मी समोर होते."

"समोर म्हणजे?"

"जिथून हे सगळं दिसतं, तिथे."

पाटलीणबाईंनी फोटो तिच्या हातात परत ठेवला. मग म्हणाल्या, "बाई, मला कळतंय गं. पण व्याह्यांना काय दाखवू?"

काम रंगरावाला गेलं. शेवंताला लग्नाची पत्रिका आली. ती दोन रात्री नीट झोपली नाही. जाऊ नये असंच तिच्या मनात होतं, पण मोगरी स्वतः बोलवायला आली, तेव्हा गेली आणि मांडवात मागे जाऊन बसली.

मुहूर्त गोरजाचा होता. रंगराव गळ्यात चौकटीसकट प्रमाणपत्र अडकवून हिंडत होता. व्याही मंडळी कौतुकाने वाचत होती. त्याने चार फोटो काढले. एकात मांडवाचा खांब आला, दोनात भटजी, आणि चौथ्यात नवऱ्याची शिंगं तेवढी आली. त्याला घाम फुटला. तो मागच्या बाजूने शेवंतापाशी आला.

"शेवंताबाई, जरा धरता का?"

"काय, प्रमाणपत्र?"

"ते मी धरतो. तुम्ही कॅमेरा धरा."

नाही म्हणावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात अंतरपाट दूर झाला. तिरप्या उन्हात मोगरीने मान वर केली, तिची नजर मांडवभर फिरली आणि शेवंतावर येऊन थांबली. ती हसली.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कोण काय करील? शेवंताने कॅमेरा घेतला.

लग्नाचे फोटो फारच सुंदर आले. डोंगरापलीकडे घरोघर फिरले. प्रत्येकाखाली रंगरावाचं नाव होतं. व्याही ते पाहुण्यांना दाखवत आणि म्हणत, "बघा, प्रमाणपत्र असलं की हातात फरक पडतो."

तात्पर्य: मुलांनो, परिषदेला पहिल्यांदा जाल तेव्हा कितीही सुंदर उजेड पडला, तरी जागचे हलू नका. आपण फक्त रांगेत हसून उभं राहावं. कॅमेरा धरायला एखादी शेवंता प्रत्येक जंगलात असते.