प्रमाण रक्त

आमचे म्हात्रे सर दर सोमवारी सकाळी सात वाजता स्वतःच्या हाताने स्वतःचं रक्त काढतात. दुखणंबिखणं काही नाही. मशीन बरोबर चाललंय की नाही, ते ताडून पाहायला.

अलिबागच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवतात, मी संख्याशास्त्र. रक्तातून वेगळ्या केलेल्या पिवळसर द्रवावर अवरक्त किरण सोडायचे, कुठला किरण किती शोषला गेला त्याची रेघ काढायची आणि त्या रेघेवरून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे बरेवाईट कण किती ते सांगायचं, हा सरांचा ध्यास. रेघेतून आकडा काढायचं गणित माझ्या गळ्यात.

मशीन ताडायला तयार नमुने विकत मिळतात. सरांना ते चालत नाहीत. "कोणाचं रक्त ते? आदल्या दिवशी काय हादडून आला होता, ठाऊक आहे?" त्यापेक्षा आपलंच बरं. पण मग ते बदलता कामा नये. म्हणून अकरा वर्षं सर दोन्ही वेळा पेज आणि उकडलेला दुधी खातात. लग्नात अक्षता टाकून पळतात. प्राचार्यांच्या निरोप समारंभात बटाटावडा पुढे आला, तर म्हणाले, "माझं माप बिघडेल." मी त्यांच्या मागे त्यांना 'किलोचं वजन' म्हणायचो.

हसण्यापुरतं ठीक होतं. पण नागावला त्यांची थोरली बहीण राहायची, बाय. आई गेल्यावर तिनेच यांना वाढवलेलं. दर भाऊबीजेला सर जायचे, ओवाळून घ्यायचे आणि ताटाला हात न लावता उठायचे. एकदा मी बरोबर होतो. समोर जिताडा माशाचं कालवण वाफाळत होतं.

"येक घास तरी खा रं. त्या मशीनला काय कलतंय?"

"मशीनलाच कळतं, बाय."

तिने ताट उचललं. मला सरांचा संताप आला, अजून येतो. असल्या शिस्तीला लोक तपश्चर्या म्हणतात. मी निव्वळ दुष्टपणा म्हणतो.

गेल्या महिन्यात बाय गेली. तेरावं रविवारी होतं. सर पंगतीत बसले. वडे, खीर, पुन्हा खीर. वाढपी पुढे सरकला, तर त्याला हाक मारून मागे बोलावला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. रेघ वर चढली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. असा भलताच आकडा आला की तो वगळायची सोय आमच्या शास्त्रात आहे. मी विचारलं, "काढून टाकू?"

"राहू द्या." सरांनी हातावरचा कापूस घट्ट दाबून धरला होता. "अकरा वर्षांत तिच्या घरी एकदाच जेवलो. तेही आचाऱ्याच्या हातचं."