सात नंबरचं उत्तर

प्रयोगशाळेतल्या संगणकाच्या काळ्या पडद्यावरचा कर्सर मिनिटाला छप्पन्न वेळा लुकलुकतो. मॅडमनी ते मनगटावरचं घड्याळ समोर धरून तीनदा मोजलं होतं. दोनदा छप्पन्न आले, एकदा सत्तावन्न. एकदाच मोजलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, ही त्यांची वीस वर्षांची सवय. मग तो पाण्याचा नमुना असो, दुधाचं पातेलं असो की माणूस.

माणसाच्या बाबतीत मात्र ही सवय जरा लांबली होती. प्रयोगशाळेची उपकरणं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकनी त्यांना लग्नाचं विचारलं, त्याला आठ महिने झाले होते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते टेबलाखाली उताणे पडून पंपाचे स्क्रू पिळत होते. मॅडमना वाटलं, पाना मागताहेत. त्यांनी पाना दिला. मग मेकॅनिक बाहेर आले, हात पुसले आणि उभं राहून पुन्हा विचारलं. मॅडम म्हणाल्या, "बघते." तेव्हापासून त्या बघतच होत्या. आता मेकॅनिकच्या हातात दुसऱ्या शाखेत बदली घेण्याचा कागद पडला होता, आणि जाणार की नाही ते त्यांना आज पाचच्या आत साहेबांना सांगायचं होतं.

"गढूळ पाणी आणून दिलं तर चोवीस तासांत निकाल देतेस," सकाळी चहा ओतताना मॅडमची थोरली बहीण म्हणाली. "हा तर चांगला निवळलेला माणूस आहे."

"विचार चालू आहे, ताई."

"असेल. बाहेरून काही दिसत नाही. बाहेरून नुसती बसलेली दिसतेस."

"आजच्या आज कसं सांगू?"

"मग निदान तसं तरी लिहून कळव. तो बिचारा सामान बांधायला घेईल."

मॅडमनी लॅपटॉप उघडला. त्यांना आणखी एक काम होतंच. वर्षभरापूर्वी त्यांनी पाण्याच्या नमुन्यांचे हिशेब करणारे छोटे छोटे प्रोग्राम लिहिले होते, आणि प्रयोगशाळेतली मंडळी आता त्यात स्वतः एखाददुसरी ओळ बदलायला शिकत होती. शिकत होती म्हणजे दिवसभर मॅडमचं दार वाजवत होती. मोजणी शून्यापासून का करायची? एक अवतरणचिन्ह राहिलं तर एवढं काय बिघडतं? काल चालत होतं, आज का चालत नाही? शेवटी मॅडमनी 'नेहमीचे बारा प्रश्न' असा एक कागदच तयार केला. त्यातला सातवा प्रश्न होता: 'प्रोग्राम काहीच करत नाही, नुसता थांबून राहतो. काय करावे?' त्याचं उत्तर सुधारायचं होतं.

त्यांनी कोऱ्या पानावर वर मेकॅनिकसाठी चार ओळी लिहिल्या आणि खाली सात नंबरचं उत्तर. मग एक मजकूर उचलून त्या कागदात टाकला, दुसरा मेकॅनिकना फोनवर पाठवला. "चहा गार झाला," ताई म्हणाली. मॅडमना फोनकडे बघवेना. त्यांनी तो पालथा घातला. दोन मिनिटांनी तो थरथरला. सुलटा केला तर एकच शब्द होता. 'हो.'

म्हणजे थांबायला तयार आहेत. मॅडमनी गार चहा एका दमात पिऊन टाकला.

ऑफिसात पोचल्यावर त्यांनी सातही संगणकांवर प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवली. तिच्यात एकच पायरी जास्त होती: निकाल साठवण्याआधी प्रोग्राम थांबेल आणि माणसाने 'हो' लिहिल्यावरच पुढे जाईल. नव्या कागदाच्या सात प्रती स्टोअरकीपरनी प्रत्येक संगणकाशेजारी चिकटपट्टीने लावल्या. मग फोन बंद करून मॅडम तराजूच्या खोलीत गेल्या. तिथला तराजू इतका नाजूक, की कुणी दार उघडलं तरी वाऱ्याने आकडा हलतो. महिन्यातून एकदा तो तपासायचा, आणि तेवढा वेळ दार बंद.

पहिला तास शांततेत गेला. मॅडमना बरं वाटलं. कागदाचा उपयोग होतोय. दुसरा तासही शांततेत गेला, आणि त्यांना कान द्यावेसे वाटू लागले. एरवी दार बंद असलं तरी बाहेरून "मॅडम, एकच विचारायचं होतं" ऐकू यायचं. तिसऱ्या तासाला त्या चिमटा खाली ठेवून दाराला कान लावून उभ्या राहिल्या. सात माणसं. तीन तास. एकही प्रश्न नाही. असं निरीक्षण त्यांच्या वहीत आजवर एकदाही नव्हतं.

दोन वाजता त्या बाहेर आल्या. सात संगणकांपुढे सात माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती. सात पडद्यांवर सात कर्सर लुकलुकत होते. जेवणाचे डबे तसेच बंद.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"सात नंबर झालाय," स्टोअरकीपर हळूच म्हणाले. "सगळ्यांचाच. दहापासून."

"दहापासून? मग मला हाक का नाही मारली?"

"विचारू नये असं तुम्हीच लिहिलंय की."

"जेवायचं तरी होतं."

"निघून जाऊ नये, असंही लिहिलंय. मी पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही, मॅडम. तुमचा शब्द म्हणजे शब्द."

मॅडम कागदाशी वाकल्या. सात नंबरच्या प्रश्नाखाली छापलं होतं: 'विचारल्याला आठ महिने झाले, हे मान्य आहे. उत्तर आले नाही म्हणजे नकार आहे, असे समजू नये. आत विचार चालू आहे. त्यास वेळ लागतो. तोपर्यंत पुन्हा विचारू नये, आणि कृपया कुठेही निघून जाऊ नये.'

मॅडमच्या कानशिलांपासून मानेपर्यंत गरम झालं. त्यांनी कागदावर तळवा ठेवला. पण असे कागद सात होते आणि तळवे दोन.

"वाचताना जरा वेगळं वाटलं," मायक्रोस्कोपवर काम करणारी तरुणी म्हणाली. "पण तुमचं सगळंच तसं असतं ना. 'चूक दिसल्यास घाबरू नये, ती शांतपणे वाचावी.' मला वाटलं, हेही त्यातलंच."

"तरी मी म्हणत होतो," स्टोअरकीपर म्हणाले, "संगणकाला 'कृपया' कशाला?"

तेवढ्यात साहेब आपल्या केबिनमधून आले. "मॅडम, बरं झालं भेटलात. टाकीच्या पाण्याचा अहवाल आज पाचला द्यायचा होता ना? पाणीखात्याचा फोन आला होता. मी हा कागद वाचला आणि सांगून टाकलं, आठ महिने लागतील."

"आठ महिने?"

"तुम्हीच लिहिलंय. ते फार घाबरले. म्हणाले, एवढं काय निघालंय पाण्यात? आता टाकी रिकामी करायला माणसं निघाली आहेत."

"साहेब, आधी त्यांना थांबवा. पाण्यात काही नाही. पाणी उत्तम आहे."

"मग आठ महिने कशात आहेत?"

मॅडमनी केबिनमधल्या फोनकडे बोट दाखवलं. साहेब फोनकडे धावले. मॅडमनी पहिल्या संगणकावर प्रोग्राम उघडला आणि ओळी वाचत खाली गेल्या. चूक एका क्षणात दिसली. प्रोग्रामने उत्तराची वाट पाहावी अशी ओळ त्यांनी घातली होती, पण 'निकाल साठवू का?' हा प्रश्न पडद्यावर दाखवणारी ओळ लिहायलाच विसरल्या होत्या. बिचारा प्रोग्राम न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी चार तास ताटकळत होता.

मग त्यांच्या मनात दुसरी गोष्ट आली. पत्र इथे चिकटवलेलं आहे. म्हणजे मेकॅनिकना काय गेलं?

त्यांनी फोन चालू केला. सकाळी आठचा त्यांचाच संदेश होता: 'अडकलेले काहीही नाही. केवळ तुमच्या उत्तराची वाट पाहिली जात आहे. हो किंवा नाही लिहावे आणि एंटर दाबावे.' त्याखाली 'हो.' आणि त्याखाली, अकरा वाजताचं, अजून न वाचलेलं: 'एंटर फोनवर सापडलं नाही. पाठवायचं बटण दाबलं आहे. ते चालेल का? पुढे काय करायचं?'

मॅडम खुर्चीत बसल्या.

"थांबवलं एकदाचं," साहेब परत येत म्हणाले. "नळ उघडण्याच्या बेतात होते. पण अहवाल पाचला पाहिजे हं." त्यांच्या मागून मेकॅनिक आले. एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात बदलीचा कागद. दाराजवळच्या संगणकाशेजारचा कागद त्यांना दिसला. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि सात नंबर वाचला. मग पुन्हा वाचला, आणि तिसऱ्यांदा. मॅडम मोजत होत्या.

"तुम्हीही आत्ताच सांगून टाका," साहेब त्यांना म्हणाले. "जाताय की राहताय? संध्याकाळी परत गडबड नको."

"मला वाटतं," मेकॅनिक सावकाश म्हणाले, "माझाही सात नंबर झालाय, साहेब."

"म्हणजे?"

"इथे लिहिलंय, कुठेही निघून जाऊ नये. पण हे संगणकासाठी असेल तर मला जायला हरकत नाही." त्यांनी मॅडमकडे पाहिलं. "सात नंबरचं खरं उत्तर काय आहे?"

खोलीतली सगळी माणसं मॅडमकडे वळली. गेले चार तास त्यांना हेच हवं होतं.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "प्रोग्राम अडकलेला नाही," त्या म्हणाल्या. आवाज वर्गात शिकवताना असतो तसा होता, फक्त जरा वर लागला होता. "तो वाट बघतोय. चूक त्याची नाही. त्याच्यापुढे प्रश्न नीट मांडला गेला नाही. आता एकच शब्द लिहायचा आहे."

"कुठला?" मेकॅनिकनी विचारलं.

समोरच्या पडद्यावर कर्सर लुकलुकला. मॅडमनी तो मोजला नाही.

"हो," त्या म्हणाल्या.

खोलीभर बटणांचा खडखडाट झाला. सात पडद्यांवरून निकाल भराभरा वर सरकू लागले.

"लिहिलं, मॅडम," स्टोअरकीपर आनंदाने म्हणाले. "एंटरपण दाबलं. चाललं की."

"तुम्हाला नाही सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "मेकॅनिकना सांगितलं. हो."