दोन बोटं आत

चव्हाण सिस्टर माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. त्या बघतात छातीच्या डाव्या बाजूला. दचकू नका, त्यांची नजर असते तिथल्या बिल्ल्यावर. कंपनीचा बॅज, नावाची पट्टी, साडीवरचा ब्रोच, काहीही असो, ते जरासं कललेलं दिसलं की सिस्टर हात वर करतात आणि इंजेक्शन देतानाच्या आवाजात म्हणतात, "थांबा. हलू नका." आणि माणूस खरंच हलत नाही. बहारीनमध्ये गुदैबिया भागातल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट म्हणजे त्यांची ओपीडी. वॉचमन, कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, पाण्याच्या बाटल्या आणणारा भय्या, वरच्या मजल्यावरचे बँकवाले, सगळे त्या लिफ्टमधून सरळ होऊन बाहेर पडतात.

एकदा मॉलमध्ये एका बड्या अरब साहेबांच्या कोटावरचा झेंड्याचा बिल्ला त्यांनी असाच धरला. "थांबा. हलू नका," तेही मराठीत. मी मनातल्या मनात बॅगा भरायला घेतल्या. आता दोघींची रवानगी, खलास. पण साहेब हसले, छातीवर हात ठेवून "शुक्रन" म्हणाले आणि गेले. सिस्टर मला म्हणतात, "काय गो वहिनी, एवढा मोठा माणूस आणि घरातून निघताना कुणी बघितलं नाही त्याच्याकडे."

बाई मूळच्या लांज्याच्या. माझं लग्न व्हायच्या आधीपासून बहारीनमध्ये नर्स आहेत. एकट्या राहतात. लग्न का केलं नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. "तेव्हा ड्युटी लागली होती," म्हणाल्या, आणि माझ्या गाऊनची गुंडी लावून दिली. यावर पुढे काय विचारणार, कपाळ?

आता खरी गंमत सांगते. नर्सिंग पास झालेल्या मुलींना कॉलेज एक पिन देतं. बोटाच्या पेराएवढी, मागे काटा आणि कडी. मोठा समारंभ होतो, आणि ती पिन मुलीच्या पांढऱ्या कोटावर तिच्या जिवाभावाच्या माणसाने लावायची अशी रीत आहे. बहुतेक वेळा आई नाहीतर बाप. आणि बापांचं काय होतं, तर स्टेजवर हात थरथरतात, पिन पडते, नाहीतर सरळ पोरीला टोचते. म्हणून समारंभ जवळ आला की सिस्टर आपल्या हॉलमध्ये क्लास घेतात. फुकट, वर चहा.

क्लासमध्ये एक लोड असतो. त्याला पांढरा कोट घालून खुर्चीत बसवलेलं असतं. त्याचं नाव बेबी. आईबाप एकेक करून बेबीला पिन लावतात, आणि सिस्टर बाजूला उभ्या राहून एकच गोष्ट सांगत असतात. "दोन बोटं आत. कोटाच्या आतून दोन बोटं कापडाला लावायची, मग काटा घालायचा. टोचलं तर आपल्याला टोचलं पाहिजे, पोरीला नाही." यंदा वर्गीस म्हणून एक ट्रेलर चालवणारा मल्याळी बाप होता. एवढा मोठा ट्रेलर समुद्रावरच्या कॉजवेवरून नेणारा माणूस, पण बेबीसमोर घामाघूम. त्याने पिन लावली ती बेबीच्या पोटावर. सिस्टर म्हणाल्या, "वर्गीस, हार्ट किधर है?" त्या बिचाऱ्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

यंदाच माझी मुग्धाही पास झाली. माझी मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. मी मराठीत ओरडते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, असा आमचा संसार. पण सिस्टरना ती मावशी म्हणते. बीपी घ्यायला शिकली ती मावशीच्या दंडावर, नस शोधायला शिकली ती मावशीच्या हातावर. पिन मी लावायची हे ठरलेलंच होतं, पण तिने मला बजावलं, "मॉम, मावशी हॅज टू बी देअर. शी हॅज टू."

मी क्लासला गेले. खरं तर माझा अपमानच होता तो. माझी उभी हयात साडीला पिना लावण्यात गेली, आणि मला पिन लावायला शिकवणार? बेबीला मी एका झटक्यात पिन लावली. सिस्टरनी बघितलं. "बोटं कुठायत?"

"मला नाही लागत बोटं," मी म्हटलं.

"परत लावा. आणि त्या दिवशी पदर खांद्याला नीट पिनअप करून या."

"पैठणी नेसणारे मी. पैठणीचा पदर मोकळाच शोभतो."

सिस्टरनी बेबीची पिन काढून परत माझ्या हातात दिली. मग मी मुग्धाचा निरोप सांगितला. तर म्हणे, ड्युटी आहे. दर वर्षी यांना त्याच दिवशी ड्युटी कशी असते? लोकांच्या पोरींसाठी महिनाभर घर उघडं टाकायचं आणि समारंभाला मात्र पाऊल नाही. माझं डोकंच फिरलं. "अहो, पोरगी हट्ट धरून बसलीय. तुम्ही नसाल तर तिला त्या पिनेचं काही नाही."

"तो घरच्यांचा समारंभ असतो वहिनी. यल्ला, चला, बेबी वाट बघतेय. दोन बोटं आत."

घरी येऊन सांगितलं तर मुग्धा रडली. लहानपणी गुडघा फुटला तरी न रडणारी पोर ती.

समारंभाच्या दिवशी तो हॉटेलचा हॉल बघून मात्र मी सगळं विसरले. काय ते दिवे, काय त्या मुली! पांढऱ्याशुभ्र कोटात ओळीने उभ्या, आणि हॉलभर आईबाप मान उंच करकरून आपलं पोर शोधतायत. आमचे हे तर खुर्चीवर उभेच राहिले, मी खाली ओढलं. वर्गीसने आपल्या लेकीला पिन लावली, अगदी बरोबर जागी, आणि लगेच स्वतःचं बोट तोंडात घातलं. त्याच्यासाठी सगळ्यात जास्त टाळ्या मी वाजवल्या. मुग्धा मात्र पुन्हा पुन्हा खुर्च्यांवरून नजर फिरवत होती. मावशी कुठे दिसत नव्हती.

आमचं नाव पुकारलं. मी पैठणी सावरत स्टेजवर गेले. मुग्धा माझ्यापेक्षा वीतभर उंच, त्यामुळे मला टाचा उंचवाव्या लागल्या. दोन बोटं आत घातली, हो, ऐनवेळी घातलीच. काटा घातला, कडी लावली. झालं, म्हणून मागे सरले, तर मुग्धा माझ्याबरोबर आली.

मोकळा पदर मनगटावरून घसरून मध्ये आला होता, आणि मी कोट आणि पैठणी एकत्रच टाचून टाकली होती. मी ओढतेय, मुग्धा "मॉम, डोन्ट पुल" म्हणतेय, पुढची मुलगी आपल्या आईला घेऊन पायरीवर थांबलीय. सगळा हॉल हसतोय. यांनी मोबाईलवर शूटिंग चालूच ठेवलं होतं, ते मी घरी जाऊन बघून घेतलं. घाईघाईत कडी काही निघेना.

आणि हॉलच्या पार मागून आवाज आला, "थांबा. हलू नका."

आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. भिंतीच्या कडेने युनिफॉर्ममधल्या चव्हाण सिस्टर तुरुतुरु चालत आल्या. कडी सोडवली, पदर मोकळा केला, पर्समधून सेफ्टी पिन काढून माझ्या खांद्यावर पक्का टाचला. मग कॉलेजची पिन माझ्या हातात ठेवली. "आता लावा. घाई नाही." मी लावली. मुग्धाने मला मिठी मारली, पण तिचे डोळे माझ्या डोक्यावरून मावशीकडे लागले होते.

खाली उतरल्यावर मी सिस्टरना गाठलं. "ड्युटी होती ना?"

बाजूला वर्गीस उभा होता. तो म्हणाला, "सिस्टर तो हर साल आता है. मेरा बड़ा बेटी का टाइम, पिन उसका मम्मी लगाया, तब भी उधर ही खड़ा था, दरवाजा का पास. फिर चला जाता है."

सिस्टर त्याच्या कोटावरचं, पाहुण्यांना लावलेलं फूल सरळ करायला लागल्या. मुग्धाने त्यांचा हात धरला. "मावशी, व्हाय?"

"काही नाही गो," सिस्टर म्हणाल्या. मग सांगायला लागल्या. "मी नर्स झालेलं आमच्या बाबांना पसंत नव्हतं. पण माझ्या पिनेच्या दिवशी येतो म्हणाले. मी सबंध वेळ दाराकडे बघत बसले. नाव पुकारलं, ट्यूटरनी विचारलं घरचं कोण आहे, मी म्हटलं येतायत. शेवटी पिन हातात दिली माझ्या. हॉस्टेलच्या आरशात बघून मीच लावली. घाईत टोचली, युनिफॉर्मवर रक्ताचा डाग पडला, मग काढून ठेवली." त्यांनी हॉलच्या दाराकडे बघितलं. "म्हणून तिथे उभी राहते. एखादी पोर दाराकडे बघत राहिली, तर कुणीतरी असावं. अजून तशी वेळ आली नाही. सगळ्यांचं कुणी ना कुणी येतंच. चांगलं आहे."

एवढी तोंडाळ बाई मी, पण नुसता डोळ्यांना पदर लावावा म्हटलं, तर तो पक्का टाचलेला.

"पिन कुठंय?" मुग्धाने विचारलं.

ती पर्समध्येच होती, कापसात गुंडाळलेली. मुग्धाने ती घेतली, सिस्टरच्या युनिफॉर्मच्या आतून दोन बोटं घातली आणि त्यांच्याच आवाजात म्हणाली, "थांबा. हलू नका."

सिस्टर हलल्या नाहीत. डोळे मिटून, लहान मुलीसारख्या हात बाजूला सोडून उभ्या राहिल्या. जुनी कडी घट्ट झाली होती. मुग्धाने "स्स" केलं.

"टोचलं?" सिस्टरनी डोळे न उघडता विचारलं.

"मला," मुग्धा म्हणाली. "तुम्हाला नाही टोचलं ना मावशी?"

सिस्टरनी मानेनेच नाही म्हटलं.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. ड्युटीवर जाताना सिस्टर रोज ती पिन लावतात. लावतात म्हणजे, घरी आल्या की दुसरा धुतलेला युनिफॉर्म घेऊन आमच्याकडे येतात, मुग्धा ती पिन त्यावर लावून देते, आणि दुसऱ्या दिवशी तो तसाच घालून त्या निघतात. लिफ्टमध्ये वॉचमनचा बॅज सरळ करतात, बँकवाल्यांची पट्टी सरळ करतात. मुग्धाला अजून घाईच असते, तिने लावलेली पिन चांगली डावीकडे कललेली असते. लिफ्टच्या आरशात ती कललेली पिन सिस्टरना रोज दिसते. त्या तिला हात लावत नाहीत.