एकेचाळीस जनावरं

दुष्काळातल्या चारा छावणीच्या दारात दोन ट्रक ऊस यायचा होता; आला एक छोटा हत्ती टेम्पो, तोही अर्धा रिकामा. ड्रायव्हरनं चिठ्ठी पुढं केली. मंजूर जनावरं : एकेचाळीस.

दूध संस्थेचे चेअरमन भगवानराव यांनी चिठ्ठी उलटून पाहिली. मागं काहीच नव्हतं. दावणीला तीनशे बारा जनावरं उभी होती आणि सगळ्यांची तोंडं टेम्पोकडं होती.

“अंजना,” ते पत्र्याच्या शेडमध्ये येऊन म्हणाले, “दोनशे एकाहत्तर जनावरं कुठं गेली गं?”

अंजना संस्थेचा कॉम्प्युटर सांभाळायची. मांडीवर आठ महिन्यांची चिऊ. एक हात तिच्या मुठीत, दुसरा कीबोर्डवर. छावणीचा प्रोग्रॅम तिनंच लिहिला होता, चिऊच्या झोपेच्या तुकड्यातुकड्यांत. त्यात प्रत्येक जनावराचं एक गाठोडं होतं : नाव, कानातला बिल्ला, वय, रंग, मालक. ऊस मंजूर करणाऱ्या बीडच्या ऑफिसला गाठोडी चालत नव्हती. त्यांना ती उलगडून जेसन नावाच्या ठरलेल्या मांडणीत हवी होती. डावीकडं ओळख, मधे दोन टिंबं, उजवीकडं माहिती. आधी तिनं घरच्या तीन जनावरांवर करून पाहिलं. तिन्ही नीट उतरली, म्हणून काल अख्खी छावणी पाठवून दिली.

आता तिनं ती फाईल उघडली आणि वरून खाली पाहिली. “फाईलीत एकच कपिला उरलीय,” ती म्हणाली.

“माही ना?” दारातून छबुबाईनं विचारलं; तिची गायही कपिलाच.

“न्हाई मावशी. मालक शहादेव लिहिलंय.”

“माही गाय शहादेवच्या नावावर कावून लावली?”

“लावली न्हाई. ओळख म्हणून मी जनावराचं नाव टाकलं. एका ओळखीला एकच जागा असती. दुसरी कपिला आली की पहिलीच्या जागेवर बसती. सदतीस कपिला एकीवर एक बसल्या. शहादेवची शेवटची, म्हणून तीच दिसती.”

“आन् खालच्या?”

“पुसल्या.”

छबुबाई दाराकडं वळली. मग मान लांब करून तिनं बाहेर पाहिलं. “दावणीला तर हाय की अजून.”

“दावणीला हाय. फाईलीत न्हाई.”

“आन् बैलं?” भगवानरावांनी विचारलं.

“राजा तेहतीस होते. एक राह्यला. सगळी मिळून नावंच एकेचाळीस.”

“असं नावावर काम करायचं तुला कुणी सांगितलं?”

“तुमीच,” अंजना म्हणाली. ‘आपल्यात जनावराला नंबरानं कोण हाक मारतं? नाव टाक,’ हे त्यांचेच शब्द. भगवानराव खाकरले आणि ऊस मोजायला बाहेर गेले.

अंजनानं ओळखीच्या जागी कानातल्या बिल्ल्यांचे नंबर टाकले. तीनशे बारा ओळी उतरल्या. फाईल गेली आणि अर्ध्या तासात बीडहून साहेबांचा फोन आला.

“काल एकेचाळीस, आज तीनशे बारा? असल्या दुष्काळात? मी येतोय. खात्री पटल्याशिवाय उद्या उसाचं टिपरू मिळणार नाही.”

चार वाजता साहेब आले. अंजनानं बिल्ले दाखवले.

“बिल्ले काय, कुणीही ठोकतं,” साहेब म्हणाले. “शेजारच्या छावणीतून आणून उभी केली असतील. ही जनावरं तुमचीच कशावरून?”

हे छबुबाईला लागलं. “कशावरून? सोडा समद्या कपिलांची दावी.”

दावी सुटली. छबुबाई फाटकापाशी गेली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, “ये गं कपिले.”

सदतीस गायींचे कान हलले. चालत आली एकच. येऊन तिनं छबुबाईच्या खांद्याला नाक लावलं.

साहेबांचं पेन हवेतच राहिलं. “दुसरं कुणीतरी बोलवा.”

शहादेवनं तीच हाक मारली. दुसरी कपिला उठली.

मग मालकांची रांगच लागली. दिवस कलेपर्यंत हाका चालल्या होत्या. साहेब प्रत्येक हाकेला दचकत आणि खूण करत. तीनशे अकरा झाली. राहिली चेअरमनची म्हैस.

भगवानरावांनी टोपी नीट केली. “गजरे, ये.”

गजरा रवंथ करत होती.

“गजरे, मी हाय.”

गजरेनं पाठ फिरवली.

“भुकेनं चिडलीय, साहेब.”

“बाकीच्या काय जेवून आल्यात?” साहेबांनी पान उलटलं. “ही म्हैस तुमची नाही.”

भगवानरावांनी टोपी काढून हातात घेतली. अंजनानं चिऊला कडेवर घेऊन भगवानरावांच्या बायकोला, सावित्रीबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“काकू, गजरेला हाक मारा.”

“कावून? ते मेले... ते न्हाईत का तिथं?”

“इथंच हायत. तुमी मारा.”

“ये गं माय गजरे.”

गजरेनं दावं तोडलं. भगवानरावांना बाजूला सारून ती आली आणि अंजनाचा फोन चाटू लागली. चिऊ खिदळली.

“तीनशे बारा,” साहेब म्हणाले. “उद्या दोन ट्रक येतील. शेवटच्या ओळीत तेवढं मालकाचं नाव बदला.”

“साहेब, असं नका करू,” भगवानराव हळूच म्हणाले. “दुभतं जनावर नावावर न्हाई त्याला संस्थेत सभासद राहता येत न्हाई. मी तर चेअरमन हाय.”

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. अंजनानं एका हातानं मालकाच्या जागी ‘सावित्रीबाई’ लिहिलं. फोन अजून चालूच होता.

“अंजना,” त्यातून आवाज आला, “संस्थेची मिटिंग कोणत्या वारी असती गं?”