तात्यांनी गप्प केलेली सूचना

आमच्या ऑफिसात बिल्ड सुरू झाला की गुलाबतात्या खुर्चीतून उठून उभे राहायचे. हात मागे बांधलेले, चष्मा कपाळावर, नजर स्क्रीनवर. बिल्ड संपेपर्यंत स्वतः बसायचे नाहीत आणि आम्हाला चहाला जाऊ द्यायचे नाहीत. "दूध तापत ठिवून कुणी बाहेर जातं का?" असं विचारायचे. चहाची टपरी रस्त्यापलीकडे, बिल्ड महा-आळशी आणि आम्ही सगळे चहाबाज. त्यामुळे बारामती एमआयडीसीतल्या आमच्या दोन खोल्यांत तात्यांच्या नावाने रोज शिमगा व्हायचा. अर्थात, ते जेवायला घरी गेल्यावर.

बिल्ड म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही ते सुखी आहेत, तरी सांगते. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी प्रोग्राम लिहितो. शेतकऱ्याने कॅन आणला की वजनकाटा आणि फॅटचं मशीन आकडे पाठवतात, आमचा प्रोग्राम पावती छापतो. आम्ही लिहिलेलं कॉम्प्युटरला थेट कळत नाही, ते त्याला कळेल असं करून देणारा तो कंपायलर. या सगळ्या कामाला म्हणायचं बिल्ड. कंपायलरने किती कडक वागायचं, किती जुन्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, चालेल असं करून द्यायचं, हे एका सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवतात. ती फाइल तात्यांची. तिला इतर कुणी हात लावायचा नाही असा लेखी नियम नव्हता, पण आमच्या सरांनीही कधी लावला नाही, आणि कंपनी सरांची होती.

कंपायलरला चूक सापडली तर तो काम थांबवतो. बारीकसारीक काही खटकलं तर नुसती सूचना देतो आणि पुढे जातो. बाकीचं जग या सूचना वाचत नाही. तात्यांनी मात्र सेटिंगमध्ये लिहून ठेवलं होतं की प्रत्येक सूचना ही चूकच धरायची आणि तिथल्या तिथे थांबायचं. "आज कुरकुरतंय, उद्या रडंल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कंपायलरबद्दल ते घरातल्या तान्ह्या पोराबद्दल बोलावं तसंच बोलत.

मी नवीन लागले त्याच आठवड्यात माझ्यामुळे बिल्ड अडला. समोर सर एका डेअरीच्या पाहुण्यांना प्रोग्राम दाखवायला उभे. झालं होतं इतकंच की जो आकडा आधीच आकडा होता, त्याला मी पुन्हा आकडा करून घेतलं होतं. तात्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पाहुण्यांच्या देखत म्हणाले, "पोरी, लग्न झालेल्या माणसाला परत बाशिंग बांधतीस व्हय?" पाहुणे हसले, सरही हसले. मी ती ओळ सुधारली आणि मनातल्या मनात तात्यांना शिव्या घातल्या. पण पुन्हा कधी कुणाला बाशिंग बांधलं नाही, हेही खरं.

आता गंमत अशी की इतक्या कडक माणसाने एका सूचनेचं तोंड मात्र स्वतःच बंद करून ठेवलं होतं. आमच्या प्रोग्रामचा एक भाग फार जुन्या मशीनसाठी बनायचा. तो बनवताना कंपायलर दरवेळी म्हणायचा, हे जुनं झालंय, पुढे काढून टाकण्यात येईल. तेवढी एक सूचना दाखवू नकोस, असं तात्यांनी सेटिंगमध्ये लिहिलं होतं. मला हा उघड पक्षपात वाटला. मी विचारलं तर म्हणाले, "त्याला चुका काढायला ठिवलाय. काय जुनं झालं ते सांगायला न्हाय."

हे जुनं मशीन होतं इंदापूरच्या पुढे, उजनीच्या पाण्याकाठच्या एका लहान गावातल्या केंद्रावर. दुधाचा दर बदलला की त्या केंद्रासाठी नवा बिल्ड करायचा. तिथे इंटरनेटचं काही खरं नव्हतं, म्हणून तात्या पेनड्राइव्ह रुमालाच्या गाठीत बांधून इंदापूरच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन यायचा. तात्या फोन कानाला लावून डोळे मिटायचे. ऑफिस शांत असलं तर आम्हालाही ऐकू यायचं. टुक. टुक. टुक-टुक. टुक. "चाललंय," म्हणून तात्या फोन ठेवायचे. कुणाचा फोन म्हणून विचारलं तर म्हणायचे, "गिऱ्हाईक." आम्ही त्या फोनला तात्यांचा ईसीजी म्हणायचो.

मग सरांनी बिल्डसाठी नवीन कॉम्प्युटर आणला, त्यावर नवा कंपायलर. या नव्या कंपायलरने सूचना वगैरे दिलीच नाही. इतक्या जुन्या मशीनसाठी मी काही करून देणार नाही, असं म्हणून तो सरळ थांबला. सर म्हणाले, "गुलाबराव, एका केंद्रासाठी किती ओढायचं? त्यांना नवीन मशीन घ्यायला सांगा आणि सेटिंगमधली ती जुन्या मशीनची ओळ काढून टाका." सरांचं बरोबर आहे असं मीही म्हणाले. दुपारी दुसऱ्या एका केंद्राचा बिल्ड लावला, तर तात्या बसूनच राहिले. बिल्ड चालू असताना मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

केंद्रावर जाऊन समजावून सांगायचं काम सरांनी मला दिलं. तात्या म्हणाले, "मीबी येतो." पहाटेच माझ्या स्कूटीवर निघालो. मागे बसून तात्या इंदापूरपर्यंत सूचना देत होते. "उसाची ट्रॉली हाय पुढं." "खड्डा." "कुत्रं उठायच्या बेतात हाय." आणि त्यांच्या नियमाप्रमाणे प्रत्येक सूचनेला मी थांबले.

केंद्र म्हणजे ग्रामपंचायतीशेजारची एक खोली. बाहेर कॅन घेतलेली माणसं, आत टेबलामागे पांढरी टोपी घातलेले दस्तगीरभाई. पूर्वी त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. केंद्रावर पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तो तात्यांच्या मोटारसायकलवर आला होता आणि मॉनिटर मांडीवर घेऊन मागे दस्तगीरभाई बसले होते, हे तात्यांनी मला वाटेत सांगितलं होतं. एवढंच सांगितलं होतं.

एक बाई पुढे आल्या आणि आपला नंबर बोलल्या. "दस्तगीरभाई, बेचाळीस. म्हशीचं हाय." भाईंची बोटं कीबोर्डवर चालली आणि कॉम्प्युटर वाजला. टुक. पावती बाहेर आली. पुढचा माणूस म्हणाला, "एकोणीस, गाईचं." टुक-टुक. आकडा चुकला होता, भाईंनी परत दाबला. टुक. मग एक म्हातारे कॅन ठेवून नुसतेच उभे राहिले. भाईंनी मान वर केली. "कोण हाय? बोला की."

"मी हाय."

"आबा, नंबर बोला. मनात म्हणलेलं मशिनीला कळत न्हाय."

रांग हसली. मी मॉनिटरकडे पाहिलं. त्याच्यावर झालरीचं कापड घातलेलं होतं आणि त्या कापडावर धूळ होती. ते कुणी कित्येक महिन्यांत काढलेलं नव्हतं.

"गुलाब, संगट कोण हाय? चप्पल वळखीची न्हाय," भाई म्हणाले.

"आमच्या हापिसातली हाय. तुला कायतरी सांगायला आलीया."

"सांग की, पोरी."

सगळा गाव माझ्याकडे बघत होता. गावाला सगळं ठाऊक होतं, ठाऊक नव्हतं ते फक्त आम्हाला. नवीन मशीन, त्याचा माउस, त्याची रंगीत चित्रं, सगळं मी घशातच ठेवलं. म्हणाले, "भाई, टुक जरा मोठं करून देऊ का?"

"नको. आबा दचकत्यात," भाई म्हणाले.

परतताना तात्यांनी खड्डेसुद्धा सांगितले नाहीत. मग म्हणाले, "साखरेनं डोळं गेलं त्याचं. एकदम न्हाय, हळूहळू. जसं दिसायचं कमी झालं, तसं मी एकेक टुक घातलं."

"तात्या, सरांना सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर त्यांनी दया म्हणून ठिवलं असतं. त्यो दयेवर बसत न्हाय तितं. काम करतो."

मला स्कूटी बाजूला घ्यावी लागली. डोळ्यात कचरा गेला, असं मी सांगितलं, आणि तात्यांनी ते चूक न धरता पुढे जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी ती फाइल माझ्यासमोर उघडली. प्रोग्रामच्या प्रत्येक भागाला वेगळा कंपायलर देता येतो. जुन्या भागापुरता जुना कंपायलर नव्या कॉम्प्युटरवर आणून बसवला आणि बाकीचं सगळं नव्याकडे दिलं. बिल्ड लावला. तात्या उभे राहिले, मीही उभी राहिले. सरांना मी एवढंच म्हणाले की ते केंद्र यापुढे माझ्याकडे. सरांनी तात्यांकडे पाहिलं आणि चहा मागवला.

आता तात्या निवृत्त होऊन काटेवाडीत असतात. काकू गेल्या, मुलगा पुण्यात, घरात एकटेच. ऑफिसात हल्ली बिल्ड चालू असताना लोक खुशाल चहाला जातात. मला त्या रिकाम्या खुर्च्या बघवत नाहीत, मी उभी राहते. नव्या पोरांनी माझ्या नावाने शिमगा सुरू केला असेल, करू देत.

पेनड्राइव्ह आता मी एसटीत देते. सकाळी फोन मला येतो आणि मी तात्यांना त्यात जोडून घेते. टुक. टुक-टुक. टुक. "चाललंय," तात्या म्हणतात. काम तिथेच संपतं, पण फोन भाई आणि तात्या दोघांपैकी कुणीच ठेवत नाही. कॅन आपटतात, कुणी बेचाळीस म्हणतं, भाई आबांना नंबर विचारतात. मी माझा आवाज बंद करून कामाला लागते. शेवटचा कॅन गेला की तिकडे सगळं शांत होतं. मग दस्तगीरभाई विचारतात, "गुलाब, हायस का?"

"हाय की," तात्या म्हणतात.