कवा खायचं?

आमच्या बीडच्या गल्लीच्या तोंडाशी अन्वरभाई सीताफळांचा गाडा लावतात. भाव सांगायच्या आधी ते गिऱ्हाइकाची उलटतपासणी घेतात. "कवा खायचं?" आज संध्याकाळी की उद्या सकाळी? तुम्ही सांगाल त्या वेळेला पिकणारं फळ ते अंगठ्यानं चाचपून देतात. "बघू, खाऊ कधीतरी" म्हणणाऱ्याला मात्र फळ मिळत नाही. आमच्या हेडमास्तरांनाही मिळालं नव्हतं.

गेल्या हंगामात मी कामासाठी मुंबईला निघालो, तर अन्वरभाई सीताफळांची पिशवी घेऊन बरोबर! त्यांची एकुलती एक मुलगी शबाना तिथं नर्स आहे. ईदलाही घरी आली नव्हती. चारला ड्युटी संपली की भेटणार होती, म्हणून फळंही चारलाच पिकणारी निवडलेली. तोवर वेळ काढायला मी त्यांना एका म्युझियममध्ये नेलं आणि शबानाला तिथंच फाटकाशी बोलावलं.

पिशवी बाहेर ठेवावी लागली. "बाई, दाबू नगा. लई नाजूक हाय," असं काउंटरवरच्या मुलीला बजावूनच अन्वरभाई आत आले.

आत सतराव्या शतकातली डच चित्रं. पांढऱ्या चुणीदार कॉलरचे शेठ भिंतीवरून रागानं बघत होते. "ह्यांनी गोड फळ खाल्लेलं दिसत न्हाई," एवढं बोलून अन्वरभाई पुढे सटकले आणि एका चित्रापाशी अडकले. चित्रात टेबल, त्यावर अर्धा प्याला आणि अर्धं सोललेलं लिंबू, साल खाली लोंबतेय. माणूस कुणीच नाही.

"खायाचं नव्हतं, तर सोललं कावून बे?" त्यांनी चित्रालाच विचारलं.

"अहो, चारशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे."

"चारशे वर्सं झाली, तरी आला न्हाई?"

पहाऱ्यावरचा माणूसही फिस्सकन हसला. तेवढ्यात अन्वरभाईंचा फोन खणखणला. त्यांच्या फोनवरचं बोलणं सगळ्या दालनाला ऐकू येत होतं. शबानाला दुसरीही ड्युटी लागली होती, येणं जमणार नव्हतं.

"मंग कब आती बेटा?"

"देखूंगी अब्बा."

म्हणजे बघूच. मी धास्तावून त्यांच्याकडे पाहिलं.

"हौ बेटा, देख," ते हळूच म्हणाले. "आराम से."

मी म्हणालो, "चला, हॉस्पिटलातच जाऊ."

"नगं. बिमार लोकं हायत तिथं. मी कावून मधी कडमडू?"

बाहेर येऊन त्यांनी पिशवी उघडली. फळं वेळेवर पिकली होती. काउंटरवरची मुलगी, पहारेकरी, मी, सगळ्यांच्या हातावर फळं आली. "आत्ताच खायाचं!" असा हुकूमही सुटला. आम्ही तिथंच पायरीवर बसून बिया थुंकत खाल्ली. फार गोड होती, आणि मला फार वाईट वाटत होतं.

सगळ्यात मोठं फळ त्यांनी रुमालात गुंडाळून पिशवीत परत ठेवलं. ते तर बोट लावलं तरी फुटेल इतकं पिकलेलं.

"हे शबानाचं," ते म्हणाले. "ती येईस्तवर ऱ्हाईल की न्हाई?"

सीताफळ किती टिकतं, हे मला त्यांनीच शिकवलंय.

"राहील की," मी म्हणालो.